वहिनीचं स्वतःचं ताट

वहिनी, उठलीस की ही चिठ्ठी घेऊन निवांत बस. आज दुपारी या घरात जो चमत्कार झाला त्याची कथा सांगते.

दादाचं आजारपण काढता काढता तू त्याच्या ताटात उरेल तेच ओट्याशी उभ्याने खायचीस आणि त्यालाच जेवण म्हणायचीस. दोन अळणी घास, वर चहा. मग चक्कर, मग दादावर ओरडणं, मग बाथरूममध्ये जाऊन रडणं. समजावून माझा घसा बसला. आज तू चमचा पुढे केलास आणि दादाने तोंडच मिटलं.

"आधी हिचं ताट वाढ," मला म्हणाला.

"लहान मुलासारखं काय करताय!" तू चिडलीस.

"मग दोघं उपाशी राहू. बघू कोण आधी हरतं!"

आणि देवाशपथ, तू हसलीस आणि बसलीस! डाळ, पालेभाजी, दोन अंडी, वर दही मागून घेतलंस. नंतर दादाच्या औषधाचे थेंब पहिल्याच फटक्यात बरोबर मोजलेस. आता चक्क घोरते आहेस, म्हणून उठवत नाही. दादा लढाई जिंकल्यासारखा उशीला टेकून बसलाय.

मी कीर्तनाला निघाले. रात्रीची तुझी भाजी वेगळी झाकून ठेवली आहे, मीठ घालून. दादाचं उरलेलं मांजरीला घाल, तिला चालतं.

देवापुढे हात जोडून तू सगळ्यांसाठी मागतेस. आज मागताना दादाच्या बायकोचीही आठवण ठेव.