वीस टक्के को-पे

जतीन,

आज आशीर्वादाने सुरुवात करत नाही.

तुझ्या काकांना काल दवाखान्यातून नरपडला घरी आणलं. बिलाचा पाचवा हिस्सा आम्हाला भरावा लागला. का, तर तू दिलेल्या विम्यात वीस टक्के को-पे आहे!

दोन्ही प्लॅन समोर ठेवून तूच म्हणाला होतास, "मावशी, हा घे. वीस टक्के को-पे आहे, म्हणून हप्ता कमी." मला वाटलं, वीस टक्के सूट. "बरं झालं, घरच्या माणसांना सूट दिलीस," असं मी तोंडाने बोललेसुद्धा. तू नुसता हसलास आणि आणखी एक चिकू उचललास.

माझं अडाणीपण मला मान्य आहे. पण वर मोठे आणि खाली बारीक चिकू लावून करंडी भरणाऱ्याला मी वाडीत उभा करत नाही. तुला मात्र आग्रह करून जेवू घातलं!

आज संध्याकाळी तू हाच प्लॅन घेऊन शेजारच्या हिरकणीकडे येणार आहेस, असं ती सांगत होती. पत्र तोवर पोचायचं नाही. म्हणून ते इथेच ठेवते आणि चष्मा घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसते.

अजून तरी तुझी मावशी,
मयुरा