द्वादशीच्या पहाटे पाहिलेला माणूस

४ नोव्हेंबर
लालमनची सुनावणी सतरा तारखेला हायकोर्टात. फाशी कायम ठेवायची की नाही, एवढंच ठरायचंय — एवढंच! आमच्या दूधविनायकच्या मराठी गल्लीनं निकाल कधीच लावलाय. काही वर्षांपूर्वी समोरच्या सराफाचा खून पहाटे झाला. पळणारा माणूस शेजारच्या शरदिनीकाकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला. दुसरा साक्षीदार नाही. आम्हाला वर्षानुवर्षं बेल-फुलं आणून देणारा लालमन काकूंच्या एका बोटावर लटकलाय.

५ नोव्हेंबर
देवदिवाळी. घाटावर दिव्यांपेक्षा मोबाइल जास्त. पेपरातल्या माझ्या सदरासाठी वाक्य मिळालं! पायऱ्यांवर लालमनची बायको फुलं विकत होती. कुणी घासाघीस करत नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं.

७ नोव्हेंबर
सकाळी काकूंकडे दूध द्यायला गेले. त्या सोवळ्यात, नैवेद्याच्या गडबडीत.
"स्वरदा, तिथंच थांब हो, शिवू नकोस!"
स्वरदा माझी मुलगी. वेतासारखी. आणि मी — जाऊ दे. क्षणभर खूशच झाले!
मग विचारलं, "काकू, चष्मा कुठाय?"
"अगं विद्ये, तू होय! चष्मा ओवळा. बाजार-बिजार सगळीकडे फिरतो तो. स्वयंपाक होईस्तोवर बाहेरच्या कोनाड्यात."
"रोज?"
"रोज म्हणजे? नियम आहे माझा."
"त्या पहाटेही?"
पळी थांबली. "द्वादशी होती. पारण्याचा स्वयंपाक चालला होता." पळी खाली ठेवून म्हणाल्या, "खांद्यावर झोळा दिसला गं. झोळेवाला म्हणजे लालमनच, असं वाटलं."
दूध तसंच हातात घेऊन घरी आले.

८ नोव्हेंबर
काळे कोट, जाडजूड फायली, उलटतपासणी — आणि एवढ्या लोकांत एकालाही सुचू नये, की ही बाई चूल पेटवताना चष्मा काढते! सुचणार कसं? कोर्टात तर काकू चष्मा लावून उभ्या. बोट दाखवलं ते बरोबर लालमनकडेच. ओळखलंच त्यांनी — रोज दारात येणारा माणूस!

दुपारी मी बोलावलेला लालमनचा वकील अनिश काकूंकडे आला. काकू शपथपत्र — अनिशच्या हिंदीत हलफ़नामा — द्यायला तयार. "त्याची पोरं खाली रस्त्यावर हिंडतात. मी वर बसून देवाला काय दाखवू?"
अनिशनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "चाची, अदालत पूछेगी, इतने साल चुप क्यों रहीं? किसने सिखाया?"
काकू ताडकन: "गप्प कोण होतं? दारोगा आला त्याच दिवशी सांगितलं मी! माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं. नरहर होता ना, त्यानंच हिंदीत सांगितलं सगळं. कागदात आलंच असेल, असं धरून चालले मी."
नरहर म्हणजे माझा नवरा. बँकेत अधिकारी. सहीतला एक ठिपका हलला तरी चेक परत करणारा.

त्याच रात्री
रात्रीच्या जेवणाला विचारलं.
"म्हणाल्या होत्या काकू," नरहर म्हणाला. भात कालवत राहिला. "दारोगा आधीच हसत होता. पंडिताइन को छू दें तो क्या होगा, म्हणे. शिपाई फिदीफिदी. त्यात आणखी ओवळा चष्मा कुठं सांगत बसू? आपल्या घरातल्या गोष्टी. तेवढं गाळलं."
"आणि कोर्टात?"
"कोर्टात मला कुणी विचारलं नाही."
भात थंड होऊन गेला. 

९ नोव्हेंबर
एकट्या काकूंच्या कागदावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही, अनिश पुन्हा म्हणाला. तू साक्ष दे, असं नरहरला मी सांगितलं नाही. नोकरीची दोन वर्षं उरलीत. वर गल्लीतली अब्रू. ती तर ह्या गल्लीत पेन्शनपेक्षा जपतात.

११ नोव्हेंबर
नरहरनं आज बँकेत जायच्या आधी, माझ्यासमोर, अनिशला फोन लावला. म्हणाला, "हलफ़नामे दो बनाइए. दूसरा मेरा."