पुलेंगताईची भिंत

१४ ऑगस्ट
आले एकदाची. डोंगर चढताना टट्टू दमलं, मी नाही. सासूबाई, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, टेफोची आई माटेफो, दारातच उभ्या होत्या. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, बहिणीपेक्षा बुटकी आहेस, पण चालेल, चूल काही उंच नाही. मला हसूच आलं. अशी सासू असली की दिवस बरे जातात.

ताई जाऊन चौदा महिने झाले. शोकाचं काळं कापड उतरलं, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मला विचारलं, दिम्फो, पुलेंगच्या जागी जाशील का? मी हो म्हणाले. टेफोसाठी नाही, तो खाणीत असतो, नाताळला येईल तेव्हा त्याचं बघू. हो म्हणाले मोसासाठी. ताईची लेक, चार वर्षांची. आई गेल्यापासून एक शब्द बोललेली नाही. ती मला एकदा म्मे म्हणाली की झालं, आईला आमच्यात तेवढंच म्हणतात.

नावही ताईचंच मिळालं. मोसाची आई ती मामोसा. संध्याकाळी सासूबाईंनी मामोसा म्हणून हाक मारली, तर मी वेड्यासारखं मागे वळून पाहिलं.

१९ ऑगस्ट
घर सजवायला घेतलंय. मातीची मांडणी सारवून तिला पांढऱ्या मातीची किनार दिली. वर ताईच्या ताटल्या उभ्या लावल्या, खाली नवी गवताची चटई. शहरातून आणलेले भडक रंग मला खपत नाहीत. काव, राख, पांढरी माती, बस. आजीला शोभलं ते नातीलाही शोभेल. सासूबाई म्हणाल्या, शाळेत शिकलीस तरी शेण बरं कालवतेस.

फक्त समोरची भिंत राहिलीय. तिथे ताईचे शेवटचे दितेमा आहेत. ओल्या गिलाव्यात बोटांनी ओढलेले तास, नांगरलेल्या शेतासारखे. कुणाचे ते विचारायला नको. एक तास, मग रिकामी जागा, मग दोन तास. ताईला उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं. लहानपणी तुटलं. आईला ताईने सांगितलं होतं, लक्ष तिचं स्वतःचंच नव्हतं.

२७ ऑगस्ट
त्या भिंतीचे पोपडे निघालेत. नव्या घराच्या तोंडावर असं ध्यान बघवत नाही. सारवायचं काढलं तर सासूबाईंनी झिडकारलं. म्हणाल्या, गेलेल्या बाईची भिंत पाऊस पुसतो, माणसाने पुसायची नाही. पाणी तिचे हात धुऊन नेतं, तेव्हा ती सुटते. गेल्या साली पाऊसच झाला नाही, यंदाचा ऑक्टोबरात येईल, तोवर थांब. मी मान डोलावली.

पण मोसा दिवसभर तिथेच. भिंतीला गाल लावून बसते. मी पापा, मक्याची घट्ट लापशी, भरवायला गेले की तोंड फिरवते. माझी सवत जिवंत असती तर भांडले तरी असते. भिंतीशी काय भांडू?

३ सप्टेंबर
सासूबाई दोन दिवस भाचीकडे गेल्या आणि मी भिंत सारवली. शेण, लाल माती, वर काट्याने चार पाकळ्यांची फुलं. इतकी देखणी भिंत या गावात दुसरी नाही. मोसा रडली नाही, नुसती बघत होती.

सासूबाई परत आल्या, भिंत पाहिली आणि अंगणातच खाली बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, आता ती कुठून जाणार?

१० सप्टेंबर
मांडणीच्या वर, घराच्या आत, एक ओळ उमटलीय. एक तास, रिकामी जागा, दोन तास. आधी वाटलं मोसाने केलं. मोसाचा पंजा लावून पाहिला, केवढासा. मग माझा लावला. ओळ माझ्या हाताहून रुंद आहे.

सारवून टाकली.

१४ सप्टेंबर
तीन ओळी. आधीपेक्षा खाली, मोसाच्या चटईच्या बाजूला. बोट लावलं तर ओल्या. विहीर आटलीय, गावात प्यायला पाणी नाही आणि माझी भिंत ओली.

१९ सप्टेंबर
सासूबाईंनी अंगणातून मामोसा म्हणून हाक मारली. मी गोठ्यात होते, ओ दिली. माझ्याआधी घरातून कुणीतरी ओ दिली होती. घरात मोसा सोडून कुणी नव्हतं. सासूबाईंनीही ऐकलं. त्या आता मला दिम्फोच म्हणतात.

२३ सप्टेंबर
सकाळी मोसाच्या केसांच्या वेण्या घातलेल्या. मी घातल्या नाहीत, सासूबाईंनी नाहीत. केसांत लाल माती. पोर झोपेत हसत होती.

मला रडू आलं, आणि ते भीतीने नव्हे. माझ्या वेण्या ताईच घालायची. तिने कुणाचं काय वाईट केलं? तिला तिची लेक हवीय. मलाही हवीय.

२९ सप्टेंबर
बाहेरचा माझा गिलावा नखांनी खरवडून काढला. म्हटलं, ताईचं काम उघडं करू, पाऊस येईल तेव्हा येईल. खाली काही नाही. कोरी माती. तिचे तास सगळे आत आलेत. चटईपर्यंत वीतभरच अंतर उरलंय.

४ ऑक्टोबर
ढग आलेत. गाव नाचतंय. सासूबाई म्हणाल्या, पावसाबरोबर ती जाईल, पण रिकाम्या हाताने जाईल का? जाणत्या बाईला आणायला त्या खालच्या गावी गेल्या. सांगून गेल्या, पाऊस थांबेपर्यंत पोरीला पाठीवरून उतरवू नकोस.

५ ऑक्टोबर, दुपार
पाऊस. मोसा पाठीवर, ब्लँकेटला दोन गाठी. दोनदा बाहेर निघाले, दार फुगून बसलंय. डोळा लागू नये म्हणून लिहितेय. बाहेरून नाही, भिंती आतून ओघळताहेत. ताटल्या एकेक खाली—

ताई, विळा माझ्या हातात होता. मी आईला कधी सांगितलं नाही, आज लिहिते. तुझं बोट घेतलं. भिंत घेतली, नाव घेतलं. पोर तेवढी राहू दे. मी जपेन ग, खरंच—

चटईवर आता तास आहेत. चटईच्या अलीकडेही—

मोसा बोलली. म्मे म्हणाली. पहिल्यांदा.

मी ओ दिली. आम्ही दोघींनी ओ—

मानेवर हात. गार, मातीचा. एक बोट, मग काही नाही, मग दोन—

गाठी तशाच आहेत. दोन्ही. पाठ हलकी