माझा दम तुटला नव्हता, तात्या

तात्या,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, कागद फाटायला आला. म्हणून आता नुसतं तात्या. वडलांना पत्र लिहिताना मायना चुकवायचा नाही, असं शाळेत शिकवलं होतं. पण इतका राग पोटात ठेवून तसला मायना मला लिहवत नाही. आणि खोटं लिहायचं नाही, ही शिकवण तुमचीच ना?

काल तुमचं तेरावं झालं. मांडव भरून माणसं होती. रहिमतपूरची होती, पार कोरेगावकडची पण होती. जेवणाच्या आधी आपले हेडमास्तर उभे राहिले आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. कुठली ते सांगायला पाहिजे का? सांगलीची! देशाच्या हुतूतूच्या संघाची निवड चाललेली, आणि बापानं भर मैदानात ओरडून स्वतःच्या पोराला बाद केलं. पोरानंही बापाला शोभेल असं कबूल केलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मग हेडमास्तर म्हणाले, "मारुती, दोन शब्द बोल बाबा."

मी उठलो. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. शंभर-दीडशे माणसं माझ्याकडं बघत होती. आणि मी काय बोललो असेन? "पानं वाढली हायत, चला जेवायला!"

माणसं म्हणाली, दुःखानं बोलता येईना बिचाऱ्याला. दुःख कसलं डोंबलाचं! संतापानं जीभ जड झाली होती. म्हणून आज लिहायला बसलोय. माझा दम तुटला नव्हता, तात्या. सांगलीच्या मैदानावर त्या दिवशी माझा दम तुटला नव्हता.

आता वाचा निवांत. तिकडं तुम्हाला दुसरं काम काय आहे?

दम मला तुम्हीच शिकवला, हे नाकारत नाही. मोटेचे बैल विहिरीजवळच्या धावेच्या उतारावरनं खाली निघाले की मी हुतूतूतू म्हणायला सुरुवात करायची. मोट वर येऊन पाणी पाटात पडेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. मध्ये तुटला की चाबकाचा दांडा घोट्यावर. आई ओरडायची, "आवं, पोराचा जीव घेताय का?" तुम्ही म्हणायचा, "जीव न्हाई गं, दम वाढवतोय." सात वर्षांचा होतो मी. घोट्यावरचे ते वळ मी शाळेत झाकून ठेवायचो.

आणि दुसरी शिकवण. आपल्याकडच्या मैदानांवर शिट्टी कुणाकडं होती? ज्याचा दम तुटला त्यानं आपणच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. दहा वर्षांचा असताना जत्रेतल्या डावात मी तुटलेला दम चोरला. कुणाला कळलं नाही, तुम्हाला कळलं. तुम्ही मारलं नाही. आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ताटावर शेजारी बसायचा आणि मीठ पाहिजे असलं तरी आईला सांगायचा, "त्याला सांग, मीठ सरकव." त्यापेक्षा चाबकाचा दांडा परवडला असता! त्यानंतर मी कधी दम चोरला नाही. कधीच नाही.

तेव्हा तुमचा कान होताच तसला. पंचक्रोशीत कुठंही हुतूतू असला की रेषेवर तात्या पाहिजेत. पोरं म्हणायची, तात्यास्नी मुंगीचा दम पण ऐकू येतो. फेट्याचा शेमला मागं टाकून, कमरेवर हात ठेवून उभं राहायचा तुम्ही, पलटणीत उभे असल्यासारखे.

मग देश स्वतंत्र झाला आणि त्या दिवाळीनंतर सांगलीला निवड लागली. देशाचा म्हणून एक संघ करायचा, आपला खेळ बाहेरच्या लोकांना दाखवायचा. आपल्या भागातून घेणार फक्त एक गडी. चार दिवस खेळ झाले. किती पोरं आली होती! तासगावची, कराडकडची, वाळव्याची. एकेक जण गळत शेवटी दोघं उरलो. मी आणि माधवनगरच्या गिरणीत मागावर काम करणारा केरबा. शेवटच्या डावात आम्ही समोरासमोरच्या बाजूंना होतो. पुण्याचे पंच आधीच सांगून गेले होते, या दोघांतला आज जो चमकेल तो आमचा.

मी चढाईला गेलो. दोघांना शिवलो आणि वळलो, तेवढ्यात केरबानं घोटा धरला. तोच घोटा, दांड्याचा! बाकीचे तिघं अंगावर पडले. मी पोटावर आडवा, तोंडात माती, पण हुतूतू चालू. बारीक झाला होता, डासाच्या आवाजाएवढा उरला होता, पण चालू होता. बैल धावेच्या टोकाला पोचताना असायचा तेवढाच. मी हात लांब केला. मधलं बोट रेषेच्या फक्कीत बुडालं. फक्की पांढरी लागलेली मला दिसली. मग श्वास सोडला. शिट्टी झाली. पंचानं हात माझ्या बाजूनं वर केला. चौघं एकदम बाद! गेलो होतो मी देशाच्या संघात, तात्या. दोन-तीन श्वासांपुरता का होईना, गेलो होतो.

आणि तेवढ्यात कडेच्या गर्दीतनं तुमचा आवाज आला.

"थांबा! दम तुटला! माझंच पोरगं हाय, मी सांगतो, रेषेच्या अलीकडं तुटला!"

पंच तुमच्याकडं आले, कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, ते तुमच्याशी दोन शब्द बोलले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "काय रे, वडील म्हणतात ते खरं का?"

मी तुमच्याकडं बघितलं. छाती पुढं, मिशीवर हात. काय सांगायला पाहिजे होतं मी? न्हाई म्हणायचं? पाचशे माणसांत न्हाई म्हणायचं म्हणजे, आमचा बाप खोटं बोलतोय असं सांगायचं. मीठ सरकव म्हणणारे तुम्ही मला दिसला.

"व्हय," मी म्हटलं. "तुटला."

टाळ्या काय पडल्या! त्या मैदानावर त्या दिवशी खोटं बोलणारा एकच माणूस होता आणि तो मी होतो. तुमचा खरेपणा खोटा पडू नये म्हणून बोललो! केरबाला घेतलं. छातीवर देशाचं नाव शिवलेला निळा बनियन त्याला मिळाला. मला काय मिळालं? तुमची पाठीवर थाप. "शाब्बास मारत्या, बापाचं नाव राखलंस." त्या थापेची जागा अजून आग आग होते.

बरं, झालं ते झालं, तिथं तरी सोडायचं. पण नाही! पुढं सात-आठ महिने जो भेटेल त्याला तीच गोष्ट. पारावर, पिठाच्या गिरणीत, सोयरिकीला गेलो तिथंसुद्धा! मुलीच्या बापाला शेत किती ते सांगायच्या आधी तुम्ही सांगली सांगितली. दर वेळी गोष्टीत गर्दी वाढत गेली, आणि दर वेळी मी मान खाली घालून बसायचो. माणसांना वाटायचं, किती विनयाचं पोर. मी दात खात होतो तात्या, दात!

आणि कान गेलेला तुम्हाला माहीत नव्हता का? खरं सांगा. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला दोन वर्षं तोफेजवळ उभं राहिलेली माणसं तुम्ही. डावा कान तर तुम्ही माणसाकडं फिरवायचाच सोडून दिला होता. आई चुलीपाशी दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा तुमच्यासमोर येऊन उभी राहायची. कुणीही काहीही बोललं की तुमचं ठरलेलं, "व्हय व्हय." आम्ही म्हणायचो, तात्या आजकाल तिरसट झालेत. तिरसट कुठले, बहिरे होत होता! माझा डासाएवढा दम तुम्हाला ऐकू आला नाही, आणि तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणजे तो नव्हताच. केवढा हा ताठा!

श्रावणात मी तुम्हाला मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कानात नळी घालून बघितलं आणि पाटीवर लिहून दाखवलं, दोन-तीन वर्षांपासनं हळूहळू जातोय, आता थोडाच उरलाय. तुम्ही ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि पाटी परत दिलीत.

येताना माधवनगर स्टेशनात गाडी थांबली आणि गिरणीचा भोंगा झाला. डब्यातल्या सगळ्यांनी तिकडं बघितलं. तुम्ही बघितलं नाही. गाडी सुटल्यावर तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणाला, "मारत्या, सांगलीला त्या दिवशी लय कालवा व्हता न्हाई रं?"

काय विचारताय ते मला कळलं होतं. लगेच कळलं. तुमच्यासारख्या माणसाला सरळ विचारता येईना, म्हणून दम खरंच तुटला होता का ते तुम्ही कालव्याच्या आडनं विचारत होता. आणि मी तुमच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "व्हय तात्या, लय कालवा व्हता."

बस. मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो. तुम्ही फेटा काढून मांडीवर घेतलात आणि रहिमतपूर येईपर्यंत त्याच्या घड्या घालत राहिलात. मला बरं वाटत होतं. लाज सोडून सांगतो, लय बरं वाटत होतं. म्हटलं, कुजू दे आता ह्यांनाही जरा.

त्या दिवसापासनं तुम्ही ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. रेषेवरही उभे राहिला नाही. पोरं बोलवायला आली की गुडघे दुखतात म्हणायचा. गुडघे! दुसऱ्या कुणी गोष्ट काढली की गोठ्याकडं उठून जायचा. मी सगळं बघत होतो. तुम्ही पुन्हा विचाराल आणि मग सांगू, असं मी ठरवलं होतं. सरळ विचारा की, म्हणत होतो मनात. एकदा तरी सरळ विचारा. तुम्ही विचारलं नाही. तुमचा हट्ट आणि माझा हट्ट, एका दावणीला बांधलेले.

मग मार्गशीर्षात ताप आला, छाती भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई पाणी आणायला गेली होती. मी तुमच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि म्हटलं, "तात्या, दम तुटला नव्हता." तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. आणि तुम्ही माझा हात थोपटला आणि म्हणाला, "व्हय व्हय."

ऐकलंच नव्हतं तुम्ही! वर्षभर साठवलेलं मी अखेर सांगितलं आणि तुम्ही व्हय व्हय म्हणालात! लिहून दाखवायचं कसं सुचलं नाही मला? माझी शाळेतली पाटी कोनाड्यातच होती. दिवस मावळायच्या आत तुम्ही गेलात.

काल केरबा आला होता. माधवनगरहून, गिरणीची पाळी बुडवून. जेवणं झाल्यावर मला मांडवाच्या मागं घेऊन गेला. म्हणाला, "गड्या, एक विचारू का? तू व्हय का म्हणालास? पाय मी धरला व्हता, मग तुझ्यावरच पडलो, माझं डोकं तुझ्या पाठीवर व्हतं. तुझा दम माझ्या कानात वाजत व्हता. रेषेला हात लागला तवा चालू व्हता."

मी म्हटलं, "मग तवा का न्हाई बोललास?"

"तुझा बापच तुटला म्हणाला, तू सुदिक व्हय म्हणालास. मी कोण?" मग खाली बघून म्हणाला, "आन मला बी जायचं व्हतं गड्या."

त्याचा मला राग आला नाही. त्यानं निदान सांगितलं. दिवसभर मागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या परक्या माणसाला माझा दम ऐकू आला, हेच मला किती वेळ पुरलं. जाताना म्हणाला, संक्रांतीनंतर पुन्हा निवड आहे, पुण्याला. पुन्हा एकच जागा. "ये," म्हणाला. "ह्या वेळी नीट खेळू."

मी जाणार आहे, तात्या. आज पहाटे मोट धरली तेव्हा बैलांमागं दम लावून बघितला. पाणी पाटात पडलं तरी थोडा उरला होता. मागं दांडा घेऊन कुणी नव्हतं आणि तरी मी घोटा आत घेतला. सवय जात नाही.

गावाला मी हे सांगणार नाही. हेडमास्तर दर वर्षी तुमच्या श्राद्धाला ती गोष्ट सांगतील आणि मी पानं वाढायला सांगेन. तुमचं नाव राहू दे. पण तुम्हाला एक शब्द देतो, आणि तुम्हीच शिकवलेला शब्द देतो. पुण्याला माझा दम तुटला, तर पंचाच्या शिट्टीआधी हात वर करीन आणि जाऊन बाहेर बसेन, मग जागा केरबाला गेली तरी चालेल. आणि नाही तुटला, तर रेषेवर तुम्ही स्वतः येऊन उभं राहिलात आणि फेटा हवेत उडवून ओरडलात, तरी मी तुमच्या तोंडावर न्हाई म्हणेन. मोठ्यानं म्हणेन. ह्या वेळी तुम्हाला ऐकू जाईल.

तुमचाच, पाठीवरची थाप अजून न विसरलेला,
मारुती