मामाचं औषधी गांजाचं कार्ड

सँट्री, डब्लिन
फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप अलकनंदामामीस,

अंगावर दोन स्वेटर आणि एक रजई असल्यामुळे जमेल तेवढंच वाकून तनयचा नमस्कार. तुझं बीपी, तुझी गच्चीवरची वांगी आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळं ग्रँड. (इथे घराला आग लागली तरी लोक ग्रँडच म्हणतात, तेव्हा या शब्दावर फार विसंबू नकोस.) तुझी लेक श्रावणी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून ऑफिसशी भांडते. मी गोदामातली पाळी करून तिच्या घरातल्या सगळ्यात लहान खोलीत पाय दुमडून झोपतो. लिमरिकच्या कोर्सचं तू विचारू नकोस, मीही कोणाला विचारत नाही. फोनवर बोललो असतो, पण या घरात फोन वाजला की मामा शेजारी येऊन बसतो. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. अक्षर वाईट आहे, ते गोड मानून घे.

मामाला आणि मला पोलिसांनी पकडलं, असं श्रावणीने तुला कळवलंय म्हणे. पकडलं नाही. थांबवलं. यात फरक आहे, आणि तो नीट सांगायचा तर गांजापासून सुरुवात करावी लागेल.

दचकू नकोस. औषधी गांजा. गुडघेदुखीवर त्याचं तेल चालतं आणि त्यासाठी सरकार कार्ड देतं, असं मामाला इंटरनेटवर सापडलं. आता ज्या माणसाने आयुष्यभर आरटीओत लायसन्सचे अर्ज तपासले, त्याला कार्ड म्हटल्यावर पहिलं काय दिसणार? वयाची अट. एकवीस पूर्ण, काही ठिकाणी अठरा, त्याखाली पालकाची सही. मामा म्हणाला, ‘‘माझं एकवीस तीनदा पूर्ण झालंय, मला अडवतो कोण!’’ आणि लगेच स्वतःच स्वतःला अडवून बसला. कारण तुला माहीतच आहे, मामाचा जन्म कार्तिकातला आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जून. (त्यांच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. माझ्या आजोबांचाही एक जूनच. महाराष्ट्रातली एक पिढीच्या पिढी एका दिवसात झाली, आणि त्या दिवशी दवाखाने कसे पुरले, कोणास ठाऊक.) मग कागदावरचं वय लावायचं की खरं, यावर तीन दिवस चर्चा. पासपोर्ट, पॅन, पेन्शनचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. श्रावणी म्हणाली, ‘‘बाबा, अहो, दोन्हीकडून तुम्ही म्हातारेच आहात.’’ त्यावर मामा एक दिवस तिच्याशी बोलला नाही. या सगळ्यात, ती वेबसाइट अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याची आहे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तो इतका खुशीत कागद लावत होता की सांगवेना.

पुढचा प्रश्न डॉक्टरच्या सहीचा. आपल्याकडे सहीला ओळखीचा डॉक्टर लागतो, तसाच इथेही लागणार, हे मामाने गृहीत धरलं. श्रावणीच्या मैत्रिणीचा नवरा राजीव हा मिरजेला शिकलेला हाडांचा डॉक्टर, ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात असतो. मामाने स्वतः बेसन भाजून लाडू वळले. (गाठी राहिल्या होत्या, पण बोललो नाही.) फाइल, लाडवांचा डबा, इस्त्रीचा शर्ट, आणि मी ड्रायव्हर.

लॉकडाउनमुळे सध्या घरापासून पाच किलोमीटरपलीकडे कारणाशिवाय जाता येत नाही. वाटेत नाकाबंदी. एका तरुण गार्डाने (इथले पोलीस) वाकून विचारलं, कुठे निघालात? मी ‘हॉस्पिटल’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरकारी माणसाशी खोटं न बोलणारे तुझे यजमान मागच्या सीटवरून स्पष्ट इंग्रजीत म्हणाले, ‘‘फॉर कॅनबिस, सर. मेडिकल. आय हॅव एज प्रूफ.’’ आणि खिडकीतून शाळेचा दाखला बाहेर काढला. मराठीतला. गार्डाने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग डब्यात काय आहे ते विचारलं. मी झाकण उघडलं. गोल, पिवळे, वर बेदाणा. आपण आता थेट घरी नाशिकलाच जाणार, तेही सरकारी खर्चाने, अशी माझी खात्री झाली. पण तो मामाच्या गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याकडे पाहून म्हणाला की त्याच्या आजोबांचंही असंच आहे, आणि जा म्हणाला. अशी माणसं असतात बघ.

राजीव जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये येऊन भेटला. तो हसला, पण मामाला हसला नाही. त्याने सांगितलं, ‘‘काका, इथे कार्ड नाहीच. सरकारची योजना आहे, पण ती ठरावीक आजारांसाठी. एमएस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात ते, केमोनंतरची न थांबणारी मळमळ, आणि कशालाच न जुमानणारी फिट. तीही बाकी सगळे उपाय थकल्यावर, आणि त्या आजाराच्या कन्सल्टंटनेच लिहून द्यायचं. गुडघा त्यात बसत नाही.’’

मामाने विचारलं, ‘‘आणि वय?’’

‘‘वयाने नाही मिळत, काका. आजाराने मिळतं.’’ मग राजीव गाडीच्या दारापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘‘ते राहू दे. दुखतं कुठे, ते दाखवा बरं.’’

मामी, आम्ही इतके दिवस त्या माणसाचं वय काढत बसलो होतो. हा प्रश्न घरात एकानेही विचारला नव्हता.

मामा आधी ‘काही नाही, थोडं’ म्हणाला. मग हळूहळू सगळं निघालं. जिना चढवत नाही, म्हणून तो टीव्हीचं निमित्त करून खाली सोफ्यावरच झोपतो. तुला रोज फोनवर ‘पार्काला दोन फेऱ्या मारल्या’ म्हणून सांगतो, तेव्हा बाकावर बसलेला असतो. आणि गेल्या मार्चमध्ये तो लॉकडाउनमुळे इथे अडकला खरा, पण विमानं तर जुलैपासूनच सुरू झाली होती. तू म्हणतेस ना, लेकीकडे रमलाय, घराची आठवण नाही? तो रमला नव्हता. मधल्या विमानतळावरचं चालणं आपल्याच्याने होणार नाही आणि व्हीलचेअरवर बसून तुझ्यासमोर यायचं नाही, म्हणून तो दर वेळी ‘फ्लाइट रद्द झाली’ सांगायचा. तेवढ्या चालण्यापुरतं तेल हवं होतं त्याला. बाकी काही नाही.

राजीवने गोळ्या बदलून दिल्या, व्यायाम दाखवले, नाशिकला जाऊन गुडघा बदलून घ्या म्हणून सांगितलं, आणि व्हीलचेअर मी स्वतः बुक करतो अशी धमकी दिली. लाडू मात्र त्याने घेतले. सहीसाठी नाही, भुकेसाठी. येताना मामा पुढच्या सीटवर बसला आणि डब्लिनच्या रस्त्यांना नावं ठेवत आला. मला फार बरं वाटलं.

श्रावणीचा नमस्कार. गुडघा इतका दुखतो हे ती तुला सांगणार नाही, कारण तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
तनय

ता. क. हे पत्र तुला मिळालेलं नाही. मामाचा फोन आला की पार्कातल्या फेऱ्यांचं कौतुक कर.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. मार्चचं तिकीट काढलंय. व्हीलचेअरला तो कबूल झाला, पण एका अटीवर. मुंबईला बाहेर पडायच्या दाराच्या आतच तो उतरणार आणि तिथून तुझ्यापर्यंत चालत येणार. फार वेळ लागेल. तू पुढे धावू नकोस, हात द्यायला जाऊ नकोस, डोळ्याला पदर तर मुळीच लावू नकोस. तो पोचला की, एवढा उशीर केलात म्हणून चांगली ओरड. वर्षभर त्याला कोणी धड ओरडलेलं नाही.