गप्प फोन

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला नव्या कामावर रुजू झालो. खोली कालच लावून झाली होती. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, रस्त्याकडे खिडकी, मागे बाथरूम. मालकीणबाई तळमजल्यावर राहतात. त्यांनी चहा दिला आणि बाथरूमचा नळ घट्ट आवळावा लागतो हे तीनदा बजावलं. ऑफिस चालत दहा मिनिटांवर.

आमची संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी मदतीचा फोन चालवते. सात वर्षांचे सगळे फोन रेकॉर्ड करून ठेवलेत, दर महिन्याचे दाबून लहान केलेली एक झिप फाइल, अशा चौऱ्याऐंशी. जागा संपत आली आहे. ज्या फोनमध्ये कुणी बोललेलंच नाही ते शोधून काढून टाकायचे, हे माझं काम. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या महिनाभर घे. मला वाटतं पंधरा दिवस पुरतील.

आई गेल्याला चार महिने झाले. आज पहिल्यांदा नीट भूक लागली.

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रोग्रॅम तयार झाला. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरली की झिप न सोडताही आतली यादी वाचता येते. प्रत्येक फोनचं नाव, मूळ आकार आणि दाबून उरलेला आकार. बोलणं दाबलं तरी तिसरा हिस्सा उरतोच. शांतता मात्र दाबली की जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून नियम सोपा ठेवला. शंभरात एक भागही उरत नसेल तर फोन रिकामा. ऐकायची गरजच नाही. मोठ्या बाई खूश झाल्या.

ऑफिसातल्या मावशी मात्र खूश झाल्या नाहीत. त्या पूर्वी इथे फोन घ्यायच्या, आता नोंदी सांभाळतात. म्हणाल्या, वा कॉम्प्युटरसाहेब, न ऐकताच कळतं होय तुम्हाला? घसरून पडलेलं माणूस काय भाषण ठोकणार आहे? गप्प फोन आला की त्या लाइन सोडायच्याच नाहीत. मदत पोचेपर्यंत आपणच बोलत बसायच्या, स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत. एका आजोबांनी म्हणे शुद्धीवर आल्यावर आधी सुनेची चौकशी केली. सगळे हसले. मीही हसलो.

८ फेब्रुवारी, रविवार

अकराला ताईचा फोन. दर रविवारी याच वेळी असतो. खोली कशी आहे, जेवतोस का, हे झालं आणि मग नेहमीचं. आई गेली त्या दिवशी तिचा तुला फोन नव्हता ना आला? मीही नेहमीचंच म्हणालो, नाही. मग ती म्हणते, म्हणजे क्षणात गेली, हाल नाही झाले. एवढं म्हटलं की तिचा आवाज सैल होतो.

त्यासाठीच मी तसं सांगतो. निदान तसं मी स्वतःला सांगतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

एक गोष्ट जुळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमधला एक फोन शुक्रवारी रिकाम्यांत होता, अर्धा टक्का. आज तीन टक्के दाखवतो. मी ती फाइल फक्त वाचायला उघडतो, तिच्यात लिहीत नाही. दुसरं कुणी हात लावत नाही.

बाकी फोनांना आकडे आहेत. याला नाव आहे, पण निरर्थक अक्षरांत. लायब्ररीने लिपी चुकीची धरली की असं होतं. लांबी एक्केचाळीस मिनिटं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिपी दुरुस्त केली. नाव नीट दिसलं. मुक्या.

मी कमी बोलतो म्हणून आई मला मुक्या म्हणायची. मुक्या, देवानं तोंड काय नुसतं जेवायला दिलंय का? ताईसुद्धा कधी त्या नावाने हाक मारत नाही. इथे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. मावशींना सहज विचारलं. म्हणाल्या, इथे कधीच कुणाचं नाव टाकत नाहीत.

हे मी कुठेच लिहिलेलं नाही, इथे लिहितो. त्या दिवशी आईचा फोन आला होता. भर दुपारी, कामाच्या वेळी. मी उचलला, दोनदा हॅलो म्हणालो. पाणी वाहत असल्यासारखा आवाज, बाकी काही नाही. तिचा फोन असा चुकून लागायचा. म्हणून मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि कामाला लागलो. बंद करायचंही राहिलं. एक्केचाळीस मिनिटांनी लक्षात आलं, तेव्हा केला.

ती बाथरूममध्ये पडली होती.

माझ्या मोबाइलमध्ये फोन आपोआप रेकॉर्ड होतात. तो न ऐकता पुसला. आईचा मोबाइल मीच ठेवून घेतला, ताईला दिला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई. तोच प्रश्न. नाही, म्हणालो. ती म्हणाली, तुझ्या तोंडाला कुलूपच आहे, आई बरोबर म्हणायची.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस टक्के.

बोलण्याचा आकार साधारण एवढाच उरतो. म्हणजे आत कुणीतरी बोलतंय. गेल्या वेळीही रविवारनंतरच वाढला होता. मी नाही म्हटल्यावर.

या लायब्ररीने झिपमधून एकच फाइल पुसता येत नाही. ती वगळून बाकीच्यांची नवी झिप बांधावी लागते. बांधली. जुनी पुसली. पुन्हा न ऐकताच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

एप्रिलच्या झिपमध्ये आहे. वगळला.

दुपारी मेमध्ये.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी. प्रत्येक यादीत पहिलं नाव तेच. मोठ्या बाईंनी विचारलं, काम कुठवर आलं? म्हटलं, संपत आलं. मावशी म्हणाल्या, चेहरा का असा, घरी सगळं ठीक ना? त्यांना सांगणार होतो. तोंड उघडलं आणि —

ठीक, म्हणालो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हेडफोन घातले. उघडला. पहिली काही सेकंदंच ऐकली.

माझाच आवाज. हॅलो. हॅलो.

पुढे नाही ऐकवलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज ताईला सांगायचं. ठरलं.

दहा पन्नासला फोन. ताईचं नाव. दहा मिनिटं आधीच. हॅलो म्हणालो. हॅलो. कुणी बोलत नाही. पाणी वाहतंय.

या वेळी बंद केला नाही. तसाच ठेवून खाली धावलो, मालकीणबाईंच्या फोनवरून भावोजींना लावला. ते म्हणाले, ताई समोर बसून मटार सोलते आहे, तिचा मोबाइल चार्जिंगला. तिने फोन घेतला. अरे, धापा कसल्या टाकतोस? अकराला करणारच होते. मग हसत हसत — आईचा फोन नव्हता ना आला?

सांगायचं होतं. हीच वेळ होती. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

नाही, म्हणालो.

तोंडातून तेच येतं.

वर आलो. फोन चालूच. एकोणीस मिनिटं. पाणी.

बोलत राहायचं, मावशींसारखं. बोलतो आहे. खोली, शिंपी, खिडकी. आई, तुला फोनवर ठेवून मी काम करत होतो. आई, ताईला अजून —

चौतीस मिनिटं.

चाळीस. बंद करणार नाही.

एक्केचाळीस.

बेचाळीस. चालूच आहे. तिकडचं पाणी थांबलं. कुणीतरी श्वास घेतला, मी दोनदा म्हणालो तसंच दोनदा —

हॅलो. हॅलो.

आणि आता पाणी इकडे. माझ्या बाथरूममध्ये. नळ सकाळी घट्ट आवळला होता. फोन चालूच ठेवतो, पालथा नाही, उताणा — नळ तेवढा बंद करून येतो आणि