आईची क्रियापदं

३ ऑक्टोबर १९६१
दोन्ही गठ्ठे तयार! एकात मराठी क्रियापदं, एकात तमिळ. तमिळ सगळी छावणीतल्या सुभेदारांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी सांगितलेली. त्यांचं ‘सोल’ म्हणजे सांग, आमचं म्हणजे साल काढ. त्यांचं ‘नड’ म्हणजे चाल, आमचं म्हणजे आडवा ये. दिसायला एक, नातं काही नाही. असे योगायोग किती होतात ते कुणी तपासत नाही, आणि दोन शब्द जुळले की भाषांची सोयरीक जुळवून मोकळे! मी तपासणार. मार्चमध्ये प्रबंध द्यायचाच.

९ ऑक्टोबर
माझे मार्गदर्शक श्रीपादसर मूळचे पुण्याचे. मराठी गठ्ठा चाळून हसले. ‘मुडणे? भेजणे? सोचणे? बाई, ही मराठी नव्हे, तुमच्या घरातली जयपुरी.’
माझा जन्म इथला, शाळा हिंदी. घरात बोलतो ती मराठीच असं धरून सगळं मनानं लिहिलं. लाज वाटली — आणि संतापही आला. वर म्हणतात, ‘विषय बदला.’ नाही बदलणार.

१० ऑक्टोबर
मराठी गठ्ठा चुलीत घातला.

१४ ऑक्टोबर
आईला धरलंय. ती लग्न होऊन कराडहून आली. वडील गेल्यापासून कामापुरतंच बोलते. मी शब्द उच्चारला की ती माझाच शब्द परत देते, म्हणून मी बोलायचं नाही असं ठरवलं. करून दाखवायचं, तिनं सांगायचं. मी अंगणात चालता चालता दिशा बदलली. ‘वळलीस,’ म्हणाली. मग, ‘शेजारीण बघतेय गं, घरात ये.’

२ डिसेंबर
पाखडणे, निवडणे, विसळणे, खुडणे, उसवणे, हुंगणे, धाडणे! आता मला काही करावंच लागत नाही. आई स्वयंपाकघरातून हाका मारून सांगते. बहिणीबरोबर नदीवर धुणं कसं आपटायची तेही सांगते. हसतेसुद्धा.

१९ फेब्रुवारी १९६२
सरांना एकही शब्द खटकला नाही. ‘टंकायला द्या,’ म्हणाले. जिंकले!

२० फेब्रुवारी
पेढे आणले. आईनं अर्धाच खाल्ला. ‘रमा, माझं कराडचं तिकीट काढ. बहिणीकडे राहीन आता. इतकी वर्षं हे सगळं कुणाशी बोललेच नव्हते गं.’
‘परत कधी?’ विचारलं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.
उद्या स्टेशनवर जाते. रडू आवरत नाही, पण तिकीट काढणार.